बाळ कोणापाशी ठेवायचे?

डोहाळजेवणाला जमलेल्या बायकांचे चर्चेचे विषय ठरलेले असतात. झोपाळा सजवायचा की होडी, फुलांची वाडी कुणी आणायची, झाकलेल्या वाट्यांतून बर्फी निघाली की पेढा. या सगळ्या कौतुकात एक प्रश्न मात्र सहसा कुणी मोठ्याने विचारत नाही. उत्सवमूर्ती नोकरी करणारी असेल तर तो तिच्या मनात पहिल्या महिन्यापासून असतो. तिच्या आईच्या मनात असतो, सासूच्या मनात तर असतोच असतो. पण उच्चारायचा कुणी, यावर सगळ्यांचे मौन. प्रश्न साधाच आहे : रजा संपल्यावर बाळ कोणापाशी ठेवायचे?

मी १९८३ साली बँकेत लागले आणि २०२१ साली निवृत्त झाले. लोकांच्या ठेवी सांभाळायच्या तर काय काय करावे लागते, हे या अडतीस वर्षांत पुरते शिकले. तिजोरीच्या खोलीला दोन किल्ल्या असत आणि त्या दोन वेगवेगळ्या माणसांकडे असत. एकाची किल्ली हरवली, तो आजारी पडला, त्याची नियत फिरली, तरी ठेव सुरक्षित राहावी म्हणून ही व्यवस्था. परक्याच्या पैशासाठी एवढी काळजी घेणाऱ्या आम्ही बायका सकाळी पावणेआठला आमची सर्वांत मोलाची ठेव मात्र एकाच माणसाच्या भरवशावर सोडून गाडी पकडायला धावत असू. त्या एका माणसाला ताप आला की आमचा सगळा डोलारा कोसळे.

गंमत अशी, की १९९० साली जी बोलणी मी लोकलच्या बायकांच्या डब्यात मटार सोलता सोलता ऐकली, तीच बोलणी परवा माझ्या मुलीच्या तोंडून ऐकली. मधल्या काळात टेलिफोन खिशात आला, बँक टेलिफोनात आली, पण बाळ अजून कुणाच्या तरी कडेवरच आहे. म्हणून वाटले, यावर एकदा सविस्तर लिहावे.

बारा आठवड्यांचे गणित

माझी मुलगी डिसेंबर १९८९ची. त्या काळी कायदा बारा आठवड्यांची रजा देत असे आणि त्यातले काही दिवस बाळंतपणाआधीच खर्ची पडत. मी परत कामावर हजर झाले ती मार्चच्या मध्यावर. बँकांचे हिशेबाचे वर्ष नुकतेच डिसेंबरऐवजी मार्चअखेर संपू लागले होते. म्हणजे अडीच महिन्यांचे बाळ घरी आणि शाखेत वार्षिक लेखाबंदी. खतावण्या जुळवायच्या, व्याज लावायचे, तेरीज मिळत नाही तोवर कुणी उठायचे नाही. पहिल्याच दिवशी एका वरिष्ठांनी हसत विचारले, "काय, झाली मजेत सुट्टी?" ज्यांनी तीन महिन्यांत सलग तीन तास झोप घेतलेली नाही, त्या बाईला या प्रश्नाचे उत्तर सुचत नाही, आणि सुचले तरी देता येत नाही.

बाळाच्या लसीकरणाच्या कार्डावर सहा, दहा आणि चौदा आठवडे असे तीन टप्पे असतात. बारा आठवड्यांच्या रजेत चौदाव्या आठवड्याचे इंजेक्शन बसत नाही. सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध द्यावे, वरचे पाणीसुद्धा नको, असे डॉक्टर सांगतात. तेही बारा आठवड्यांत बसत नाही. बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत आईला कामाच्या वेळेत दूध पाजण्यासाठी दोनदा सवड द्यावी, अशी तरतूद कायद्यात होती. पण बाळ डोंबिवलीत आणि आई फोर्टात असेल, तर त्या सवडीत तिने काय करावे, याचा विचार कायद्याने केलेला नव्हता. दुपारी दोनच्या सुमारास पान्हा फुटायचा. खिडकीपुढे रांग असायची. आम्ही पदर पुढे ओढून नोटा मोजत बसायचो. माझ्या वयाच्या बायकांना हे सांगायला नको. त्यांच्या सुनांना मात्र सांगायला हवे.

माझे बाळ सांभाळले ते आमच्याच इमारतीत तळमजल्यावर पाळणाघर चालवणाऱ्या काकूंनी. दोन खोल्या, सहा मुले, महिना दोनशे रुपये. काकूंना स्वतःला शिकता आले नव्हते, पण कुठल्या मुलाला कुठल्या कुशीवर झोप लागते हे त्यांना पाठ होते. लेखाबंदीच्या रात्री मी साडेअकराची गाडी पकडून आले, तेव्हा बाळ यांच्या मांडीवर झोपलेले होते आणि काकूंनी पाठवलेली मऊ भाताची वाटी यांच्यासाठी झाकून ठेवलेली होती. आमच्या पिढीतल्या कित्येक बायकांच्या नोकऱ्या अशा काकूंच्या जिवावर टिकल्या. कुठल्याही बँकेच्या वार्षिक अहवालात त्यांचे नाव नाही.

आणखी एक गोष्ट त्या काळात सर्रास घडे. बढतीची संधी आली की बायका अर्जच करत नसत. बढती म्हणजे बदली, आणि बदली म्हणजे जमलेले पाळणाघर सुटणार. हुशार, कामात चोख असलेल्या माझ्या मैत्रिणी वीस वीस वर्षे एकाच खुर्चीवर राहिल्या. लोक म्हणत, बायकांना महत्त्वाकांक्षा नसते. महत्त्वाकांक्षा होती हो, काकू नव्हत्या! मी स्वतः अधिकारी झाले ती १९९८ साली, मुलगी शाळेची रिक्षा ओळखू लागल्यावर.

आजीची नेमणूक

आता दुसऱ्या पिढीकडे येते. २०२३च्या जुलैमध्ये मला नात झाली. मुलीला सव्वीस आठवड्यांची रजा मिळाली, म्हणजे जानेवारीत कामावर हजर व्हायचे होते. ती हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत आहे आणि राहायला आमच्याजवळच, कोथरूडला. व्याही-विहीणबाई सांगलीला. दिवाळी झाली आणि एका संध्याकाळी मुलगी सहज म्हणाली,

"आई, जानेवारीपासून तू सकाळी साडेआठला येशील ना?"

मी म्हटले, "येईन. पण साडेआठला नाही, तीनला."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत पाळणाघर. मी तुझ्याबरोबर हिंडते शोधायला."

ती गप्प झाली. मग म्हणाली, "सगळ्यांच्या आया सांभाळतात."

"सगळ्यांच्या आयांना कुणी विचारलंय का, की सकाळी त्यांना काय करायचं असतं?"

दोन दिवस घरात अबोला नव्हता, पण बोलणेही नव्हते. यांनीसुद्धा मला बाजूला घेऊन विचारले, "अगं, एकुलती एक नात. दुधावरची साय. लोक काय म्हणतील?" मी म्हटले, "साय मलाही हवी आहे. पण दूध तापवायला दिवसभर गॅसपाशी उभं राहायचं का, एवढंच मी ठरवतेय."

यामागे माझा हिशेब होता आणि तो मी मुलीपुढे मांडला. मी लिहिते ते सकाळी. अडतीस वर्षे मी ती सकाळ लोकलला दिली. आता कुठे ती माझ्या हातात आली आहे आणि टेबलावर एक कादंबरी अर्धी पडलेली आहे. दुसरे कारण कादंबरीहून साधे : साठी उलटलेल्या गुडघ्यांना दहा तासांचे बाळ पेलत नाही. आज सहा महिन्यांचे बाळ मांडीवर राहील. चार महिन्यांनी ते रांगत जाऊन देवघरातल्या निरांजनाला हात घालील. तेव्हा उठायला मला दोन सेकंद जास्त लागतात, आणि त्या दोन सेकंदांची जबाबदारी मला घ्यायची नव्हती. ज्या आजीला तोंडाने 'नाही' म्हणता येत नाही, तिचे शरीर कधीतरी 'नाही' म्हणते. मग कंबर धरते, रक्तदाब वाढतो आणि ऐन कामाच्या दिवशी सगळी घडी विस्कटते.

कुणी असे समजू नये, की नातवंडे सांभाळणाऱ्या आज्यांना मी नावे ठेवते आहे. माझ्या किती तरी मैत्रिणी हे काम मनापासून करतात आणि त्यात त्यांना आनंद आहे. माझे म्हणणे एवढेच, की आजीला विचारावे. नेमणूक गृहीत धरू नये. आणि आजीने होकार दिला तर त्या होकाराला वेळ, सुट्टी आणि मर्यादा असावी. कुठल्या वारी तिला मोकळीक, ती गावाला गेली तर कोण, बाळाच्या खाण्यापिण्याचा शब्द कुणाचा. हा शेवटचा मुद्दा फार भांडणे लावतो. आईला डॉक्टरांनी सांगितलेले असते, की वर्षाच्या आत मध चाटवू नका, काजळ घालू नका, घुटी नको. आजीला वाटते, आम्ही काय मुले वाढवली नाहीत? अशा वेळी दोघींनी मिळून एकदा डॉक्टरांकडे जावे आणि ते सांगतील ते दोघींनी ऐकावे. मध आणि काजळाच्या बाबतीत, माझ्या वयाच्या भगिनींनो, सुनेचे बरोबर आहे.

तिसऱ्या दिवशी जावई आला आणि त्याने कामाचे विचारले, "तीन ते साडेसहा नक्की ना? मग बुधवारी मी घरून काम घेतो. आणि ताप आला तर पहिला दिवस माझा, दुसरा हिचा." मी मनात म्हटले, दुसरी किल्ली सापडली. १९९०मध्ये असे वाक्य बोलणारा पुरुष आमच्या डब्यात कुणाच्या घरी आहे असे ऐकिवात नव्हते. मुलीचा राग गेला तो मात्र माझ्या युक्तिवादाने नव्हे. तिने कागदावर आठवड्याचे तास मांडले, प्रत्येक चौकोनात कुणाचे तरी नाव आले, आणि सगळ्या चौकोनांत आपले एकटीचे नाव नाही हे तिच्या लक्षात आले, तेव्हा ती हसली.

पाळणाघर बघताना

आम्ही मायलेकींनी पाच पाळणाघरे पाहिली. मुलीच्या कंपनीच्या आवारातही पाळणाघर होते आणि ते चांगले होते. दुपारी जाऊन बाळाला पाजता येईल, हा त्याचा मोठा फायदा. पण सहा महिन्यांच्या बाळाला जाऊन-येऊन दोन तास बसमध्ये घालवायचे, आणि आई एखाद्या दिवशी गेलीच नाही तर बाळाचीही दांडी, हे तिला पटेना. ज्यांचे घर कचेरीजवळ आहे त्यांनी कचेरीतले निवडावे. ज्यांचे दूर आहे त्यांनी घराजवळचे. याला एकच एक उत्तर नाही.

घराजवळची बघताना मात्र काही गोष्टी ध्यानात आल्या. पाळणाघर सकाळी दहाला बघू नये. तेव्हा सगळेच छान असते. साडेबाराला जावे. भूक आणि झोप एकदम आलेली असते, चार मुले एकाच वेळी रडत असतात, तेव्हा सांभाळणारीचा आवाज ऐकावा. भिंतीवरचे ससे-हत्ती मोजण्याऐवजी हात मोजावेत. किती बाळे रांगती आहेत, आणि कडेवर घ्यायला हात किती? एकटीच बाई असेल तर ती स्वतः न्हाणीघरात जाते तेव्हा मुलांपाशी कोण? इमारतीत धूर झाला तर एक बाई किती मुलांना घेऊन जिना उतरू शकेल? खिडक्यांना जाळ्या आहेत का, गॅसची खोली बंद होते का, न्हाणीघरात पाण्याची भरलेली बादली उघडी तर नाही ना? रांगत्या मुलाला बुडायला वीतभर पाणी पुरते.

एका ठिकाणी भिंती चकाचक, फोनवर घरबसल्या चित्र दिसण्याची सोय, आणि बारा मुले दूरदर्शन संचापुढे ओळीने बसवलेली. कॅमेरा वाईट नाही. २०१६ साली नवी मुंबईतल्या एका पाळणाघरात लहानग्या मुलीला झालेली मारहाण कॅमेऱ्यामुळेच उघड झाली. पण कॅमेरा झालेले दाखवतो, होणारे थांबवत नाही. ते काम माणसाचेच.

शेवटी जे निवडले, त्याच्या भिंतींचा रंग उडालेला होता. नऊ मुले, दोन बायका आणि मदतीला एक मुलगी. एक वही होती. दूध किती वाजता, झोप किती, शी कशी, सगळे लिहिलेले. बँकेतल्या बाईला वही दिसली की अर्धा विश्वास तिथेच बसतो. उरलेला अर्धा बसला तो त्या बाईंच्या प्रश्नांनी. आम्ही त्यांना विचारण्याऐवजी त्याच आम्हाला विचारू लागल्या : बाळ कशाने झोपते? कुणाच्या आवाजाने शांत होते? दूध बाटलीने घेते की वाटी-चमच्याने? घरी न्यायला कोण कोण येणार, त्यांना मला आधी दाखवा. जी तुमच्या बाळाबद्दल विचारते, तिच्याकडे बाळ ठेवावे. जी फक्त फी सांगते, तिच्याकडे पैसे ठेवावेत फार तर.

औषधाच्या बाबतीत एक नियम पहिल्या दिवशीच स्पष्ट करावा : आईबापांनी लिहून दिल्याशिवाय एक थेंबही नाही. हे मी उगाच सांगत नाही. १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या आया तान्ह्या बाळांना अफूची गोळी देऊन निजवून जात, याच्या नोंदी त्या काळच्या पाहण्यांत आहेत. तिला बाळगोळी म्हणत. त्या आया दुष्ट नव्हत्या. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. आज गोळी नाही, पण झोप आणणारे सर्दी-खोकल्याचे औषध घरोघरी आहे. बाळ रोज घरी आल्यावर पेंगत असेल, वजन वाढत नसेल, अंगावर खुणा दिसत असतील, किंवा एकाच माणसाला बघून दचकत असेल, तर संकोच न करता चौकशी करावी.

आणि रंगीत तालीम हवी. रजा संपण्याच्या दोन आठवडे आधी बाळाला न्यायला लागावे. पहिल्या दिवशी तासभर, आईसह, मग आईशिवाय तासभर, मग दूध-झोपेपर्यंत. बाळाचा डोळा चुकवून पळू नये. रडले तरी 'येते हं' म्हणून, हात हलवून निघावे. कामावर परत जायचे तर सोमवारी न जाता गुरुवारी जावे. पहिला आठवडा दोन दिवसांत संपतो. माझ्या मुलीने तसेच केले.

एक गोष्ट मात्र आम्हाला त्या बाईंनी आधीच सांगून ठेवली म्हणून निभावली. सहा महिन्यांचे बाळ बहुधा कुणाकडेही हसत जाते. आठव्या-नवव्या महिन्यात त्याला आपले-परके कळू लागते आणि मग रोज पाळणाघराच्या दारात आकांत सुरू होतो. आईला वाटते, इथे काहीतरी वाईट घडले असणार. दोन महिने तर छान राहत होते! अनेक नोकऱ्या याच महिन्यात सुटतात. खरे तर ही बाळाच्या वाढीची खूण आहे. आई गेल्यावर पाच-दहा मिनिटांत ते खेळू लागते की नाही, एवढे बघावे. आमची नात लागत असे. वहीत लिहिलेले असायचे : '९.१०, रडणे बंद. ९.१५, बॉल.'

कुणाच्या खात्यावर?

आता पैशाचे. 'तुझा पगार तर पाळणाघरातच जातो, मग नोकरी कशाला?' हे वाक्य अजून ऐकू येते. हिशेब करणाऱ्या बाईला त्यात दोन चुका दिसतात. पहिली, पाळणाघराची फी आईच्या एकटीच्या पगारातून का वजा करायची? बाळ दोघांचे आहे. खर्च सामायिक खात्यावर टाका. दुसरी, हिशेब एका महिन्याचा का करायचा? भविष्यनिर्वाह निधी, वेतनवाढ, सेवाज्येष्ठता हे सगळे वर्षानुवर्षे साठत जाते. दोन-तीन वर्षांची फी हा खर्च आहे. सुटलेली नोकरी हा आयुष्यभराचा तोटा. ज्यांना बाळापाशी घरी राहायचे आहे त्यांनी जरूर राहावे, तो निर्णय मानाचाच आहे. पण तो चुकीच्या बेरजेवर उभा असू नये.

कायद्यानेही मजल मारली आहे. प्रसूतीची रजा आपल्याकडे आकाशातून पडलेली नाही. ना. म. जोशी यांनी केंद्रीय कायदेमंडळात १९२४ साली मांडलेले विधेयक फेटाळले गेले. मुंबई कायदेमंडळात १९२८ साली अशा विधेयकाच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले, आणि १९२९ साली मुंबई इलाख्यात प्रसूतिलाभाचा कायदा झाला. सगळ्या देशासाठीचा कायदा १९६१चा. २०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा सव्वीस आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. तिथे आईला दिवसातून चार वेळा जाता येते. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी ठेवल्या आहेत. आपल्या कचेरीत पाळणाघर आहे का, हे विचारायला लाजू नये. ती भीक नव्हे.

पण रजेचा पगार बव्हंशी मालकाच्याच अंगावर पडतो आणि बापाला रजा देण्याची सक्ती खासगी नोकरीत नाही. त्यामुळे नोकरी देणाऱ्याच्या मनात 'बाई नको, पुरुष बरा' हा विचार डोकावतो. बाळाची रजा फक्त आईची राहील तोवर तो डोकावतच राहणार.

तिचे बाळ कुठे आहे?

पाळणाघरातल्या त्या मदतनीस मुलीशी नंतर माझी ओळख झाली. एकदा सहज विचारले, तुला मूल आहे का? म्हणाली, "आहे ना आजी, दीड वर्षाचा. माझ्या नवऱ्याच्या बहिणीकडे ठेवते. ती नऊ वर्षांची आहे." म्हणजे माझी मुलगी हिंजवडीला जावी म्हणून ही पोर माझ्या नातीला सांभाळते, आणि ही कामावर यावी म्हणून एक नऊ वर्षांची मुलगी शाळा बुडवते. या साखळीचे शेवटचे टोक कायम सर्वांत लहान हातात असते.

कागदावर सोयी आहेत. बांधकामाच्या जागी मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघरे काढण्याचे काम मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत सुरू केले. 'मोबाइल क्रेशेस'चे ते काम पुढे मुंबई-पुण्यातही आले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला अंगणातच शाळा नेली. १९७५ साली देशभर एकात्मिक बालविकास योजना आली, गावोगाव अंगणवाड्या झाल्या. पण अंगणवाडीतली शाळा तीन वर्षांपुढच्या मुलांची आणि काही तासांची. तीन वर्षांखालच्या बाळाचा आणि आईच्या आठ तासांचा प्रश्न तिथेच राहतो. २०२२पासून 'पाळणा' योजनेखाली अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याचे धोरण आहे. ते जितक्या लवकर वस्तीवस्तीत पोहोचेल तितक्या नऊ वर्षांच्या मुली शाळेत जातील. ऊसतोडीच्या फडाकडेला साडीच्या झोळीत झोपलेल्या बाळालाही चार भिंती मिळतील.

तोवर आपल्या हातात काय? मुलीने त्या पाळणाघरातल्या आईबापांशी बोलून दोन गोष्टी केल्या. आपण रजेवर गेलो तरी फी पूर्ण द्यायची, म्हणजे त्या बायकांचा पगार कापला जाणार नाही. आणि मदतनीस मुलीच्या बाळाला तिथेच, बिनफीचे आणायचे. बाई म्हणाल्या, "मी कधीची म्हणणार होते, पण तुम्हा लोकांना चालेल की नाही कळेना." दोन घरांनी कुरकुर केली. बाकीच्यांना चालले. ती नऊ वर्षांची आत्या पुन्हा शाळेत जाऊ लागली.

हिरकणीची गोष्ट आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. दूध विकायला रायगडावर गेलेली गवळण, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, घरी तान्हे बाळ, आणि अंधारात उतरलेला तो उभा कडा. महाराजांनी तिचा सन्मान केला आणि ती उतरली त्या जागी बुरूज बांधला, असे आख्यायिका सांगते. गडाच्या दृष्टीने ते योग्यच होते. जिथून उतरता येते तिथून चढताही येते. आज एस.टी. स्थानकांवर बाळाला पाजण्यासाठी हिरकणी कक्ष आहेत, तेही चांगलेच. पण नोकरी करणाऱ्या आईचे कौतुक करताना आपण अजून कड्याचेच कौतुक करतो : कशी बाई सगळं सांभाळते! तारेवरची कसरत करते!

कौतुक पुरे झाले. संध्याकाळी दरवाजा उघडा राहील आणि घरी बाळापाशी कुणीतरी शहाणे माणूस असेल, एवढी व्यवस्था झाली तर कुणालाच कडा उतरावा लागणार नाही. त्या व्यवस्थेत बापाचे तास असावेत, मालकाची जबाबदारी असावी, सरकारचा पैसा असावा, सांभाळणारीला मान आणि तिच्याही बाळाला जागा असावी. आजीचे तास जरूर असावेत. आधी विचारून.